साखरपुड्याला शिडाच्या होडीने

“रस्ता वाईट नाही हो सर. तुमच्याकडे वेळेवर निघायची शिस्त नाही.”

माझे होऊ घातलेले व्याही पोह्यांची बशी माझ्या हातात देता देता हे बोलले. मी बशी घेतली. घेतली याचाच मला अजून राग आहे. चार तास उशिरा पोचलेल्या, पोटात कावळे ओरडणाऱ्या माणसाला स्वाभिमान आणि पोहे यांतलं एकच निवडायची वेळ आली, तर तो काय निवडतो हे मला त्या दिवशी कळलं. पोह्यांवर ओलं खोबरं होतं, तेही सढळ हाताने घातलेलं. पोहे गिळले, वाक्य गिळता आलं नाही.

मी भिवंडीचा, आणि शाळेत भूगोल शिकवतो. मुलगी बघायला म्हणून आम्ही चौघं त्या दिवशी सकाळी सातला भाड्याच्या गाडीतून निघालो होतो: मी, बायको, माझी थोरली बहीण म्हणजे ताई, आणि मुलगा. बोलावणं नऊचं होतं. व्याह्यांचं गाव वसईच्या खाडीच्या तोंडाबाहेर, खडकाळ किनाऱ्यावर आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण व्याही वाचतात. अंजूरफाट्याच्या अलीकडे गाडी जी थांबली ती थांबलीच. पुढे ट्रेलर, मागे कंटेनर, डावीकडे खड्डा, उजवीकडे दुभाजक. समोरच्या ट्रेलरच्या मागे एक शेर रंगवलेला होता. पहिल्या तासात तो मला पाठ झाला आणि दुसऱ्या तासात त्याच्या वृत्तातली चूकही सापडली. आम्ही एक वाजता पोचलो, तेव्हा मुलीकडच्या मंडळींनी आमच्या वाटणीच्या पोह्यांना तिसऱ्यांदा वाफ दिली होती.

आणि वर हे वाक्य. ते एकटं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण दाराआडून मुलीची आजी म्हणाली, “अशा गावात मुलगी दिली तर ती माहेरी यायची कधी? दिवाळीला निघेल ती संक्रांतीला पोचेल.” सगळे हसले. माझी बायकोही हसली. तिला मी घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली, “खरं बोलल्या त्या. मी लग्न होऊन आल्यापासून तेच करतेय.”

व्याह्यांचं एक सांगायला हवं. त्यांनी सगळी नोकरी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. गेटवर बसायचं, कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहायचं. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या नजरेत एक घड्याळ असतं. निघताना त्यांनी अंगणात मला बाजूला घेतलं आणि आवाज न चढवता सांगितलं, “साखरपुडा आमच्या घरी, मार्गशीर्षातल्या अष्टमीला. मुहूर्त दुपारी सव्वाबाराचा. तो चुकला तर मी पुढचं काही बोलणार नाही, सर. जे घर वेळ पाळत नाही तिथे मुलगी द्यायला मला भीती वाटते.”

मुलगा आणि मुलगी यांचं आपापसात केव्हाच जमलं होतं. आम्ही मोठी माणसं फक्त रीतसर भांडत होतो. पण त्या मुलीचा वडिलांवर जीव होता आणि त्यांचं मन मोडून ती काही करणार नाही, हे माझ्या मुलाने मला स्वच्छ सांगितलं. म्हणजे सगळं त्या सव्वाबारावर येऊन थांबलं.

“आदल्या दिवशी जाऊन लॉजवर राहू ना, बाबा,” मुलगा म्हणाला.

किती साधा, किती शहाणा उपाय होता. मी तो फेटाळला. माझ्या गावातून पाहुण्यांच्या घरी जायला मला लॉजवर मुक्काम करावा लागत असेल, तर भिवंडी महाराष्ट्रात आहे की परदेशात, असं मी विचारलं.  मुलगा वडप्याला एका गोडाऊनात ट्रक सोडायच्या ड्युटीवर आहे. ज्या ट्रकांना मी रोज शिव्या देतो, त्यांतले बरेचसे तोच सकाळी गेटबाहेर काढतो. घरात हा विषय निघाला की आम्ही दोघंही जेवणाकडे लक्ष देतो.

पाण्याने जायची कल्पना माझी. ती मला वर्गात सुचली. ‘खारे वारे आणि मतलई वारे’ हा धडा मी सव्वीस वर्षं शिकवतोय. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे. निळ्या खडूने एक बाण, पांढऱ्या खडूने दुसरा. त्या दिवशी पांढरा बाण काढताना हात थांबला. पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे. ओहोटीही समुद्राकडे. व्याही समुद्राकडे. माझे आजोबा भिवंडीहून वसईकडे जाणाऱ्या खाडीतून शिडाच्या मचव्यात भात भरून मुंबईला पाठवत. आमच्या घरात ही गोष्ट सणासुदीला सांगतात, आणि दर वेळी मचवा थोडा मोठा होतो. भिवंडी म्हटलं की लोकांना लूम, गोडाऊन आणि ट्रॅफिक एवढंच आठवतं. अरे, आम्ही बंदराचे लोक. आमच्या दारात खाडी आहे. तिच्यात आम्ही लूमच्या रंगाचं पाणी सोडलं, काठाने भराव घातले, आणि मग ती नाल्यासारखी दिसते म्हणून तिच्याकडे पाठ फिरवली. ‘आम्ही’ म्हणतो ते उगाच नाही. गेल्या वर्षीचं निर्माल्य मीच पिशवीसकट टाकून आलो होतो.

खारबावच्या पुढे खाडीकाठी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील राहतात. त्यांना सगळे तांडेल म्हणतात, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या. पूर्वी ते रेती वाहायचे, आता मासेमारी करतात आणि गणपतीत विसर्जनाला होडी देतात. मी त्यांना सगळं सांगितलं. ते जाळं शिवत होते, मान वर न करता म्हणाले, “होरी हाय. इंजिन हाय. शीड बी हाय. पन मास्तर, तुमची मानसं बसतील का पान्यात?”

“आमचं घराणंच पाण्यातलं आहे,” मी म्हणालो.

तांडेलांनी माझ्या बुटांकडे बघितलं. आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.

भरतीचं गणित मी स्वतः केलं. जुने लोक तिथीची पाऊणपट करतात: अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती, नंतर ओहोटी. मोबाइलवर मुंबईच्या बंदराचं कोष्टक पाहिलं, तिथेही सहाच्या आसपास. म्हणजे सहाला सुटायचं. ओहोटी आपल्याला अलगद समुद्रापर्यंत नेऊन सोडणार. तांडेल म्हणाले, “सातला निघू.” मी सहाच म्हणालो. ते दोनदा सातला म्हणाले, मी दोनदा सहाला. तिसऱ्यांदा ते काही म्हणाले नाहीत, आणि मला वाटलं मी जिंकलो.

आदल्या संध्याकाळी मी व्याह्यांना निरोप पाठवला: ‘उद्या पाण्याने येतो. वेळेवर.’ त्यांनी दोन हात जोडलेलं चित्र पाठवलं.

अष्टमीच्या पहाटे खारबावच्या काठावर उभे राहिलो तेव्हा समोर खाडी नव्हती. धुकं होतं. काठापासून हातभर पाणी दिसत होतं, त्यापुढे कुणी ओल्या कापसाची गादी उभी केल्यासारखं. बायको म्हणाली, “अहो, समुद्र कुठेय?” मी हात करून दिशा दाखवली. तांडेलांनी माझा हात धरून थोडा उजवीकडे वळवला.

ताई सोवळ्यातल्या देवासारखं एक गाठोडं छातीशी धरून बसली होती. त्यात ओटीचा नारळ, मुलीची साडी, आणि साखरेचा पुडा. आमच्याकडे साखर कागदाच्या उभ्या पुड्यातच न्यायची, वर लाल दोरा. प्लास्टिक चालत नाही. मी जबाबदार माणूस असल्यामुळे सगळ्यांचे फोन गोळा केले, शंकरपाळ्यांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले आणि डबा होडीच्या पोटात, जाळ्याखाली खोचला. भिजायला नकोत.

इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. तांडेलांनी त्याच्यावर एक थाप मारली. “गनपतीपासून ह्याचा जीव ऱ्हायला न्हाय,” ते शांतपणे म्हणाले. “शीड हाय ना.”

आम्ही सहाला निघालो, आणि सात वाजता जिथून निघालो तिथूनच थोडं मागे होतो. भरती अजून आत येत होती. मुलगा आणि मी वल्ही मारत होतो, काठावरचं एक बाभळीचं झाड आमच्या बरोबरीने चालल्यासारखं दिसत होतं, आणि मग ते आमच्या पुढे गेलं. कोष्टक पुन्हा बघावं असं मनात आलं, पण फोन डब्यात, डबा जाळ्याखाली.

“सहाला भरती संपते,” मी धापा टाकत म्हणालो.

“संपते की. मुंबईला,” तांडेल म्हणाले. “मास्तर, मुंबईला ज्या टायमाला भरती येते, त्याच टायमाला खारबावला कशी येल? तिला बी वाटेत टाइम लागतंय.”

सव्वीस वर्षं भूगोल. मी वल्हं खाली ठेवलं. बायकोने मला पाण्याची बाटली दिली आणि काही बोलली नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने दिलेली ती सगळ्यात मोठी शिक्षा होती.

सातनंतर पाणी थबकलं, मग वळलं. पण अष्टमीची ओहोटी. उधाणाची ओहोटी असती तर होडी ओढून नेली असती. अष्टमीला भांग असतो, पाण्याला जोरच नसतो. हेही माझ्या धड्यात होतं. वारा पाठीमागून येत होता, थंड, हलका. तांडेलांनी शीड चढवलं, ते एकदा फडफडलं आणि फुगलं. आणि मी कबूल करतो, त्या क्षणी मी सगळ्यांवरचा राग विसरलो. पांढरा बाण माझ्या मानेवर लागत होता. खडूच्या भुकटीशिवाय, खराखुरा. मी मुलाला म्हणालो, “हा मतलई वारा.” तो म्हणाला, “हो बाबा, थंडी वाजतेय.”

पुढे महामार्गाचा पूल. तो दिसला नाही, आधी ऐकू आला. धुक्यात, डोक्याच्याही वर कुठेतरी, हॉर्न. एक लांब, दोन तोकडे, मग दहा-बारा एकदम. “ट्रक उभे हायत म्हनून बरं,” तांडेल म्हणाले, “न्हायतर पूल गावला नसता.” त्यांनी शीड उतरवलं आणि त्या कोंडीच्या आवाजावर होडीचं तोंड धरलं. काय म्हणावं याला? ज्या वाहनांमुळे मी रस्त्याने जाऊ शकत नव्हतो, ती माझ्यासाठी दीपस्तंभ म्हणून वर उभी होती. डिझेलचा वास पाण्यावर उतरला होता. दगडी खांब अंगावर आल्यासारखा आला आणि मागे गेला. आम्ही पुलाखालून बाहेर पडलो तरी वरचा तोच हॉर्न, तोच ड्रायव्हर, तिथेच. मला त्या माणसाला ओरडून सांगावंसं वाटलं, की दादा, तुझीही चूक नाही, माझीही नाही, आणि ज्यांची आहे ते आत्ता अंथरुणात आहेत. ओरडलो नाही. ताई आरतीची पुस्तिका वाचत होती.

खाडीचं तोंड आलं हे कळलं ते होडी वेगळ्या तऱ्हेने हलायला लागली तेव्हा. इतका वेळ ती डावी-उजवी डुलत होती. आता वर-खाली. बायकोचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. डाव्या अंगाला डोंगर उतरून थेट पाण्यात घुसलेला होता. तो दिसत नव्हता, पण लाटा त्याच्यावर फुटल्याचा आवाज येत होता, कुणीतरी ओली सतरंजी दगडावर आपटावी तसा. आणि तिथे वारा पडला. शीड लोंबलं. तांडेलांनी बिडी काढली.

“नारल द्या,” ते म्हणाले.

“कुठला नारळ?” ताईने विचारलं, आणि विचारतानाच गाठोड्यावरचा हात घट्ट केला.

“दर्याचा. इंजिनावर जाताव तवा न्हाय लागत. डिझेल नेतंय. शिडावर जाताव तर दर्या नेतंय. त्याला सांगाया नको?”

“हा मुलीच्या ओटीचा आहे. देवापुढे ठेवून आणलाय. ओटीत पडायचा तो पाण्यात कसा पडेल?”

“मंग बसा.” त्यांनी बिडी पेटवली.

मी घड्याळ बघितलं. दहाला दहा कमी. मी ताईला समजावलं, तिने मला धर्म समजावला. मी तांडेलांना विज्ञान सांगितलं, त्यांनी धूर सोडला. होडी आपली जागच्या जागी फिरत होती. त्यांनी मला पुढच्या टोकाला बसवून हातात लांब बांबू दिला होता. तो खाली घालून बघत राहायचं. बांबू रुतला तर चिखल, करकरला तर वाळू. इतका वेळ तो रुतत होता. आता एकदम ‘ठक्’ वाजला. हातातून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. दुसऱ्यांदा ‘ठक्’, तेही अर्ध्याच खोलीवर. तांडेल बिडी टाकून उठले आणि वल्ह्याने होडी मागे रेटली. धुक्यात एक काळा खडक दिसला, पाणी निथळत असलेला, म्हशीच्या पाठीएवढा. हात लांब केला असता तर लागला असता. मग तो नाहीसा झाला.

 मग बायको अगदी हळू म्हणाली, “ताई, समुद्र तरी कुणाकडचा? मुलीकडचाच ना? त्यांच्याच दारात आहे. ओटी त्यांच्याकडेच पडली म्हणायची.”

ताईने गाठ सोडली. नारळाला हळदीकुंकू लावलं, होडीच्या कडेशी वाकली आणि पाण्याला म्हणाली, “विहीणबाई, पोरं आहेत. सांभाळून घ्या.” नारळ पडल्याचा आवाजही धुक्याने गिळला.

लगेच वारा सुटला असं लिहायचा मोह होतोय. सुटला नाही. पंधरा-वीस मिनिटांनी उत्तरेकडून सुटला, आणि तो नारळाशिवायही सुटला असता असं भूगोल सांगतो. ताईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतरचा तास मी आयुष्यात विसरणार नाही. तो किनारा नकाशावर मी शेकडो वेळा काढलाय, वाकडीतिकडी रेघ, झालं. आता ती रेघ डाव्या हाताला होती आणि दात काढून होती. धुकं मधेच फाटायचं: एक कडा, त्याच्या अंगावर चिकटलेलं गवत, खाली पांढरा फेस. मग पुन्हा काही नाही. तांडेल डोळे मिटल्यासारखे सुकाणूवर बसले होते आणि नाक वर करून वास घेत होते. मी विचारलं, काय करताय? “बोंबील,” ते म्हणाले. किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घालतात, तो वास जोवर डावीकडून येतो तोवर गाव बाजूला आहे. वास थांबला की तिथे नुसता खडक, बाहेर व्हायचं. दोन वास गेले. तिसऱ्या वासाला त्यांनी होडी आत वळवली. कोष्टक नाही, फोन नाही. बोंबील. आमच्या शाळेत मला एकदा आदर्श शिक्षकाचं प्रमाणपत्र मिळालं होतं, ते मला तिथे आठवलं आणि लाज वाटली.

अकरा चाळीसला आम्ही व्याह्यांच्या गावाखाली होतो. पण ओहोटी सरत आलेली. धक्का पार वर कोरडा, आणि त्याच्यापर्यंत नुसती खडपं, म्हणजे शेवाळलेले खडक, त्यांवर कालवांच्या धारदार कडा. बायकोने पैठणी गुडघ्यापर्यंत खोचली. ताईला मुलाने आणि मी मधे धरलं. नवरदेवाचा पाय कापला. माझे बूट एका डबक्यात राहिले, एक नंतर मिळाला. साखरेच्या पुड्याने सकाळभर धुकं पिऊन घेतलं होतं. कागद विरघळून साखरेला चिकटला होता आणि लाल दोऱ्याचा रंग तिच्यात उतरला होता.

पण घड्याळात बाराला सात कमी होते. मी अनवाणी, चिखलाच्या पायांनी, पण ताठ मानेने व्याह्यांच्या अंगणात शिरलो. माझ्याकडे एक भाषण तयार होतं. महिनाभर मी ते स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये, पर्यवेक्षणाच्या तासाला घोटलं होतं. पहिलं वाक्य होतं, ‘आमच्याकडे शिस्त आहे, रस्ता नाही.’

अंगणात व्याही नव्हते. आजी होत्या. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं, आमच्या मागे गाडी आहे का बघितलं, आणि म्हणाल्या, “तुम्ही इथे? मग तो कुणाला आणायला गेलाय?”

मी डबा उघडला. शंकरपाळ्यांच्या चुऱ्यात अकरा मिस्ड कॉल होते. सगळे त्यांचे.

झालं होतं असं. पाण्याने येतो म्हणजे सर विनोद करतात, असंच त्यांनी घरी सांगितलं होतं. आठ वाजता त्यांनी सहज फोन केला, निघालात का. उचलला नाही. पुन्हा केला. नऊपर्यंत त्यांना वाटायला लागलं, की आपण फार कडक बोललो, आता ही माणसं उशीर झाला म्हणून कुठेतरी कोंडीत खाली मान घालून बसली असतील आणि लाजेने फोन उचलत नाहीयेत. सव्वानऊला त्यांनी स्वतःची गाडी काढली. चिंचोटीपासून आतला एक रस्ता त्यांना माहीत होता, त्याने आम्हाला मधूनच बाहेर काढून आणायचं ठरवलं. मुलीने हे सगळं सांगितलं आणि वडिलांना फोन लावून माझ्या हातात दिला.

“सर? कुठे आहात?”

“तुमच्या अंगणात.”

पलीकडून हॉर्न ऐकू आले. मग ते म्हणाले, “मी अंजूरफाट्यापाशी आहे. पुढे एक कंटेनर आडवा झालाय. मागे फिरता येत नाही.” आणि मग, “त्याच्यावर वडप्याच्या गोडाऊनाचं नाव आहे हो.”

मी मुलाकडे बघितलं. त्याने पायाला हळद लावून घेण्यात लक्ष घातलं.

मला आनंद व्हायला हवा होता. खरंच सांगतो, मी तो शोधला. मिळाला तो राग, आणि तोही आधीचा नव्हे. ज्या माणसाला महिनाभर मनात बोललो, तो मला वाचवायला निघून त्याच खड्ड्यापाशी उभा होता. भाषण कुणाला करणार? मुहूर्त सव्वाबाराला आला आणि गेला. आम्ही सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो होतो. ताई आणि आजी आत बसून पंचांग चाळत होत्या, आणि मला दोघींचं हसणं ऐकू आलं. नारळाची गोष्ट ताईने सांगितली असणार, कारण आजींनी परसातून मोजून पाच नारळ आणवले. “एवढ्यासाठी अडून बसलात होय खडकात?” त्या म्हणाल्या. तांडेल जेवले, पान खाल्लं आणि एकच्या भरतीला निघाले. मी थांबा म्हटलं. “भरती कुनाच्या सोयऱ्यासाठी थांबत न्हाय, मास्तर,” ते म्हणाले. तोवर धुकं गेलं होतं आणि वारा समुद्राकडून सुटला होता. निळा बाण. त्यांचं शीड खडकांच्या बाहेरून उत्तरेकडे जाताना मला धक्क्यावरून दिसत राहिलं.

व्याही सव्वाचारला आले. शर्ट पाठीला चिकटलेला. आत आल्यावर त्यांनी आधी घड्याळ बघितलं, सवयीने, आणि त्यांच्या डोळ्यांत वजाबाकी झालेली मला दिसली. मुहूर्तापासून बरोबर चार तास.

“मी सव्वानऊला निघालो होतो,” ते म्हणाले.

“वेळेवर निघालात,” मी म्हणालो.

ते खुर्चीवर बसले. विहीणबाईंनी गरम पोह्यांची बशी आणली, ती मी मधेच घेऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली. “मुलगा रोज यातून जातो?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “रोज.” त्यांनी पोहे संपवले. मग हात धुऊन म्हणाले, “ताई, पुढची वेळ काढलीत का?”

पावणेपाचला साखरपुडा झाला. पुडा म्हणजे गुलाबी रंगाचा एक दगड होता. मुलीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि त्याचा एक तुकडा फोडताना तिला पाटावर आपटावा लागला. आजींनी कागदाचा कपटा तोंडातून काढत सांगितलं, “गोड आहे हो.” माहेरी यायचं कधी, हा प्रश्न त्या दिवशी पुन्हा कुणी काढला नाही. तो सुटला म्हणून नव्हे.

परतीला होडी नव्हती. व्याही म्हणाले, मी सोडतो. आम्ही नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. दिवेलागणीला आम्ही त्याच रस्त्यावर, जवळजवळ त्याच ठिकाणी थांबलो. दहा मिनिटांनी त्यांनी इंजिन बंद केलं. वीस मिनिटांनी त्यांनी काच खाली केली. मग दार उघडून खाली उतरले, पुढच्या ट्रेलरपर्यंत चालत गेले, आणि टाइम ऑफिसातला तो माणूस, ज्याने कधी आवाज चढवला नव्हता, दुभाजकावर उभा राहून हिंदीत विचारायला लागला, की हा रस्ता कुणाच्या बापाचा आहे, किती वर्षं असाच आहे, आणि इथली माणसं माणसं आहेत की नाही. आजूबाजूच्या गाड्यांतून लोक माना बाहेर काढून बघत होते. एका रिक्षावाल्याने शांतपणे त्यांना सांगितलं, “चाचा, नये हो क्या?”

“जा ना, आणा त्यांना,” बायको मला म्हणाली.

मी मागच्या सीटवर पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन, एका बुटात बसलो होतो. “बोलू दे त्यांना जरा,” मी म्हणालो. समोरच्या ट्रेलरच्या मागे एक शेर होता. मी तो वाचायला घेतला.